गार्नाचाचा घड

वाल्देगामा, १४ सप्टेंबर १९९७

चि. ओतिलिया हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची विचारपूस, मग कामाचं. तुझ्या नवऱ्याची, अंद्रेसची पाठ कशी आहे? गवंड्याची पाठ साठीनंतर दगा देते, त्याला म्हणावं आता विटा दुसऱ्यांना उचलू दे. तुझ्या लेकीला, क्लाराला सातवा लागला असं तिकडे तुलूजला असणाऱ्या आपल्या गावच्या शिंपिणीकडून कळलं. पायांवर सूज आहे का तिच्या? तुझ्या लेकाचा, हुलियानचा दमा कसा आहे? अंद्रेसच्या आईला ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं का? आणि तू? थंडी पडली की तुझा जबडा अजून ठणकतो का? हे विचारायचा हक्क माझा नाही, तो जबडा मीच मोडला. पण मामा म्हणून विचारल्याशिवाय राहवत नाही.

तू पाकीट फोडशील की नाही माहीत नाही. तुझा पत्ता मला तुझ्याच पाकिटांवरून मिळाला. वर्षाला दोन येतात. विसी ती हातात घेते, उलटीपालटी करते आणि पोस्टवाल्या बाईला परत देते. तुझ्या आईला वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ती ओळखते.

आता कामाचं. विसीचं हृदय थकलं आहे. पाय मडक्यासारखे सुजतात. टोरोच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हिवाळा निघाला तर बघू. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच चुलीवर जेवतो आहोत, मी एकोणऐंशी वर्षांची बहीण पोचवायची आणि तिची मुलगी जवळ नाही, हे मला बघवणार नाही. तू ये. एवढ्यासाठी लिहितो आहे.

द्राक्षाचा मळा अजून आहे. आता तो एका नव्या वाइनरीने तोडणीला घेतला आहे. तिथली वाइन बनवणारी पोरगी नवार्राकडची आहे, तिचं नाव 'इराचे'. दिसायला चिमणी, पण दिवसभर वाळूत चालते. आपण जी वाइन सुरीने कापावी इतकी दाट प्यायचो, तीच ती अशी काढते की घशाखाली गेली हे कळत नाही आणि मग बराच वेळ जिभेवर जांभळी फळं आणि जुन्या खोगिराचा वास राहतो. म्हणते, हे सगळं खुंटाच्या वयाचं देणं आहे. दीडशे वर्षं वाळूत आपल्याच मुळांवर उभे, एकेकाला चार-पाच घड, पण काय घड. मी तिला सांगतो की पोरी, खुंट म्हातारा झाला की बोलतो कमी आणि धरून ठेवतो जास्त. ती हसते.

सध्या ती खुंटांच्या बुडाला रंग लावत फिरते. आपला मळा तिंता जातीच्या द्राक्षांचा, पण जुन्या लोकांनी मधूनमधून दुसऱ्या जातीचा, गार्नाचा लावलेला. तो दहा दिवस मागून पिकतो, म्हणून त्याची तोडणी वेगळी करायची आणि त्यासाठी प्रत्येक गार्नाचाला पांढरा पट्टा. विसी बांधावर खुर्ची टाकून ते बघत बसते. तिला बरं वाटतं.

जुनं उकरून काढायला मी लिहीत नाही. तुझं तुला माहीत, माझं मला. वेलावर घड राहिला होता आणि मुकादमाने ओरडायचं असतं, मी ओरडलो. पुढे जे झालं ते कोणाच्याच मनात नव्हतं. माझा एकुलता एक, तिमो, त्यात गेला. चार वर्षं तुझी तुरुंगात गेली. पुरे झालं आता.

मामा,
एलादिओ


वाल्देगामा, २ ऑक्टोबर

चि. ओतिलियास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. आशीर्वाद नाही, मायना नाही, तरी मी तीन वेळा वाचलं. आईने बोलावलं तर येईन, तुमच्या बोलावण्याने नाही, आणि आधी तिला तो घड कुठल्या खुंटाचा होता ते सांगा, असं तू लिहितेस.

राग आला मला. खोटं कशाला सांगू. म्हटलं, एकेचाळीस वर्षांनी हिला घडाची पडली आहे, आणि माझा पोरगा मातीत आहे. रागाने दोन दिवस लिहिलं नाही.

तूच सांग, घड विसरला की पोरीच्या तोंडाला द्राक्षं चोळायची, हा लागारेहो काय आम्ही काढला? तुझ्या आजीला चोळलं, आईला चोळलं. विसीला चोळलं तेव्हा मी तिथे उभा होतो. नाकात, कानात, मानेवरून खाली रस. उठली, ज्याने चोळलं त्याच्या पेकाटात लाथ घातली आणि पुन्हा तोडायला लागली. पुढे त्याच्याशीच लग्न केलं, म्हणजे तुझ्या बापाशी. ती कोर्टातून आली तेव्हा हेच म्हणत होती. म्हणाली, आम्ही सगळ्यांनी सोसलं आणि हसलो, हिच्या अंगाला काय सोनं लागलं होतं की एका विसरलेल्या घडापायी माझ्या भावाचं पोर मारावं. तिने तुझं नाव टाकलं ते त्या 'विसरलेल्या' शब्दावर. तू कोर्टात ओरडून सांगत होतीस की मी काही विसरले नाही, माझा खुंट तिंताचा होता आणि वर लटकत होता तो गार्नाचाचा घड, कोणीतरी अडकवला. न्यायाधीशाने मला विचारलं. तीस वर्षं मळ्यात काढलेला मुकादम, खुंटन्‌खुंट ओळखणारा. मी म्हणालो, साहेब, त्या ओळीत गार्नाचा आहे, घड त्याच खुंटाचा होता. माझ्या बोलण्यापुढे तुझं कोण ऐकणार.

मी गाडीपाशी होतो, पोरांनी हाक मारली म्हणून आलो आणि घड बघून ओरडलो, असंही मी तिथे सांगितलं. गाडीपाशी नव्हतो. दोन खुंट सोडून उभा होतो. हे आज लिहितो आहे, यापुढचं विचारू नकोस.

आता दुसरीच गोष्ट झाली आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. काल दुपारी आम्ही हरभऱ्याचं जेवत होतो. विसीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली,

"एलादिओ, खडकाजवळच्या ओळीत पांढरा पट्टा का नाही?"

मी म्हटलं, कुठली ओळ?

"तिमो पडला ती."

मी पाव मोडत राहिलो. मग म्हणालो की तिथला गार्नाचा एकाहत्तरच्या थंडीत मेला.  तिच्या ताटातले हरभरे तसेच राहिले. आपल्याकडे खुंट मेला तर शेजारच्याची फांदी पुरून तिथे नवा उठवतात, आणि नवा खुंट दीडशे वर्षांच्या शेजाऱ्यात लपत नाही, हे तिला माझ्याइतकंच कळतं. त्या ओळीत सगळे मांडीएवढ्या खोडाचे आहेत. एकही नवा नाही.

तू लवकर ये म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही, असं मनात येतं. म्हाताऱ्याची लबाडी समज.

मामा,
एलादिओ


वाल्देगामा, ११ ऑक्टोबर

ओतिलिया,

मी विसीला सांगितलं. तिला ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने तुला लिहितो, म्हणजे तुझ्या हातात माझ्या अक्षरात राहील. ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

मंगळवारी ती काठी घेऊन एकटी मळ्यात गेली. त्या पायांनी. मी मागून धावलो तोवर ती खडकाजवळच्या ओळीत पोचली होती आणि एकेका खुंटाच्या बुडाशी काठी टेकत चालली होती, शेजारी इराचे होती. ती पोरीला विचारत होती, हा काय? तिंता. हा? तिंता. हा? आजी, सगळे तिंताच, या बाजूला चाळीस पावलांत गार्नाचा नाही आणि कधी नव्हताही. पोरीला बिचारीला काय माहीत. विसी घरी आली, दाराला आतून कडी लावली आणि मला म्हणाली, बस.

छप्पन साली पिलार मातेच्या सणाला तू झामोराच्या त्या ट्रकवाल्याबरोबर तीन नाच नाचलीस. तिमोने विचारलं तेव्हा पाय दुखतात म्हणालीस. पोरं त्याला दारूच्या दुकानात चिडवत होती. तो घरी आला, जेवला नाही. मी म्हटलं, पोरगी आहे, डोक्यात हवा गेली आहे, उतरेल. मीच म्हटलं.

चौथ्या दिवशी तोडणी खडकाजवळ होती. सकाळी मी पाट्या मोजत होतो तेव्हा तिमो वरच्या टोकाकडून आला. तिकडे गार्नाचा आहे. त्याच्या सदऱ्याखाली काहीतरी फुगलं होतं. तू पुढच्या खुंटाकडे वळलीस आणि त्याने मागे वाकून तो घड तुझ्या खुंटाच्या बेचक्यात अडकवला. देठ कापलेला. गार्नाचा कसा विरळ आणि फिकट असतो, तिंता कसा काळा आणि गच्च. आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. गाढवाने घाईत तेवढंही पाहिलं नाही.

मी पाहिलं. तो घड अडकवतानाच पाहिला.

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. कारण मुकादम ओरडल्याशिवाय कोणी मुलीला हात लावायचा नाही, हा नियम. नुसतं मान हलवून नाही म्हणायचं होतं मला. मनात आलं, होऊ दे थोडी मस्ती, पोराचा जीव थंडावेल आणि हिचाही तोरा उतरेल. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, 'घड राहिला.' हसत ओरडलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही. चौघं धावले. पोन्सियानोने पाय धरले, दोघांनी हात. तिमो छातीवर बसला. पहिली मूठ गालांवर चोळली, तोवर सगळी टोळी हसत होती. दुसरी त्याने तोंडात कोंबली. मग तिसरी. तू डोकं हलवत होतीस आणि तो एका हाताने केस धरून दुसऱ्याने कोंबत होता, साली, देठ, वाळू, सगळं. तुझा आवाज बंद झाला. टाचा वाळूत घासायला लागल्या. बायकांचं हसू थांबलं. एकीने माझ्याकडे बघून म्हटलं, मुकादम, पुरे. मी तरी उभाच. म्हटलं, आता उठेल तो. तुझं तोंड निळं पडलं होतं, रसाखालून दिसत होतं मला. उजवा हात कोणाच्या तरी गुडघ्याखालून सुटला आणि त्या हातात तोडायची आकडी सुरी अजून होती, कारण पोरांनी ती काढून घेतली नव्हती आणि मीही काढून घ्या म्हणालो नव्हतो.

एकच वार. मांडी आणि पोट मिळतात तिथे. तिमो उठला, दोन पावलं चालला, खाली बघितलं आणि हसला, त्याला वाटलं रस आहे. मग बसला. रक्त उडत नव्हतं, ओतत होतं, आणि वाळू ते जिथल्या तिथे पीत होती. मी दोन्ही मुठी जखमेत घातल्या. त्याचं रक्त माझ्या कोपरांपर्यंत गरम होतं. तो म्हणाला, बाबा, थंडी वाजते. खेचर जुंपेपर्यंत संपला.

तू उलट्या करत होतीस. मी उठलो, पाटीखालचं लाकूड उचललं आणि तुझ्या तोंडावर घातलं. दोनदा. दुसऱ्यांदा हाड वाजलं. तिसऱ्यांदा बायकांनी मला धरलं. ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी माफ केलं, बाप होतो ना.

एक गोष्ट मात्र कोणी पाहिली नाही. गार्डियाचे शिपाई यायच्या आधी मी त्या खुंटापाशी गेलो. घड तिथेच होता. मी तो तिंताच्या भरल्या पाटीत दाबला आणि पाटी द्राक्षं तुडवायच्या हौदात रिकामी केली. माझा पोर निजला होता गाडीवर, आणि मी घड लपवत होतो. त्याला वेडा म्हणा, मेलेला म्हणा, पण पोरीला फसवून धरणारा असं कोणी म्हणायला नको होतं. त्याची आई जिवंत होती तोवर तिच्यासाठी गप्प होतो. ती गेल्यावर कोणासाठी, ते मला सांगता येत नाही. सवय झाली होती.

तू काही विसरली नव्हतीस.

मामा


वाल्देगामा, २६ ऑक्टोबर

चि. ओतिलियास,

मागच्या पत्रासारखंच अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितो आहे; का, ते तेव्हा लिहिलं नाही.

विसीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.  मग म्हणाली, कोर्टात शपथेच्या पुस्तकावर कुठला हात ठेवला होतास? मी उजवा टेबलावर ठेवला. मला वाटलं ती धरणार. तिने चुलीतली सळई उचलली आणि घातली. मनगट वाळल्या फांदीसारखं मोडलं. ऐंशीला आलेली बाई, सुजलेले पाय, कुठून आला एवढा जोर. दुसऱ्यांदा सळई उचलली आणि माझ्या डोक्याच्या वर धरून उभी राहिली. मी खाली बसलो होतो. मी म्हटलं, घाल. तिने खाली टाकली. म्हणाली, "तू मरून सुटशील. रविवारी सगळ्यांसमोर बोल."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर पुरुष दारूच्या दुकानात जमतात. ती माझी बाही धरून मला आत घेऊन गेली. जन्मात कधी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं तिने. मी सांगितलं. गार्नाचा, सदरा, माझं ओरडणं, हौद. कोणी पेला उचलेना. चौघांपैकी गावात आता पोन्सियानोच उरला आहे. तो उठला आणि म्हणाला, मेलेल्या पोराला चिखलात लोळवतोस, लाज नाही का म्हाताऱ्या. माझी कॉलर धरून मला काउंटरवर आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त. पुन्हा आपटणार तेवढ्यात विसीने काठी फिरवली आणि त्याच्या तोंडावर बसली. ओठ दुभंगला. तो हात उगारून वळला, समोर ही. चौसष्ट वर्षांचा माणूस, हात तसाच वर राहिला.

ती म्हणाली, "मार. एकदा धरलीस ना आमची पोर, आता मला मार."

त्याचा हात खाली आला. ओठातून रक्त गळत होतं, तो पुसतही नव्हता. म्हणाला, मला वाटलं खरंच राहिला घड. ओतिलियाचे पाय लटपटत होते ते माझ्या हाताला कळत होतं, तरी मी सोडले नाहीत, कारण मुकादम थांबा म्हणाला नाही. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर होतं त्याचं.

त्या दिवसापासून विसी माझ्याकडे जेवत नाही. तुझ्या बापाच्या घरी परत गेली आहे, छप्पर गळतं तिथे. इराचे तिला दोन वेळा जेवण नेते. मी लसणाचं सूप पाठवलं, भांडं उंबऱ्याबाहेर ओतलेलं मिळालं. मी रस्त्याने गेलो तर ती आत जाते. बोलू नये असंच वागलो आहे मी, तक्रार नाही. वाईट एवढंच की तिचा सगळा लिहिण्यावाचण्याचा कारभार मीच करत होतो. शाळा मलाही नव्हती, पोत्यांवरची अक्षरं जुळवून शिकलो आणि दोघांच्या वाटचं लिहीत आलो. आता माझ्या हातचा कागद तिला नको.

चार दिवसांपूर्वी तिने इराचेला कागद घेऊन बसवलं. पोरीने मला सांगितलं, विसीला कळू न देता. म्हणाली, आजीने आधी 'ओतिलिया' लिही म्हटलं. मी लिहिलं.  मी विचारलं, पुढे? म्हणाली, थांब. तास झाला, आजी अंगठ्याने त्या नावावरची शाई पुसत होती आणि पुढचं एक अक्षर सांगत नव्हती. शेवटी म्हणाली, उद्या. आज चौथा उद्या आहे. कागद टेबलावर तसाच आहे, वर तुझं नाव.

तिचं बोलावणं आल्याशिवाय येणार नाही म्हणालीस. तिने बोलावलं आहे, बाळ. एका शब्दात बोलावलं आहे, दुसरा तिला सापडत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेला हिवाळा दारात आहे. पोस्टवाली बाई यायच्या वेळेला ती उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसते. परत करायला नाही. हात मांडीवर उघडे ठेवून बसते.

आता मला लिहू नकोस. माझं सगळं सांगून झालं आहे, आणि तू मला काय म्हणशील ते तू आलीस की ऐकून घेईन. तिला लिही. पाकिटावर तिचं नाव मोठ्या अक्षरात काढ, विसितासिऑन, पुलाजवळचं घर. आतलं इराचे वाचून दाखवेल. क्लारा मोकळी झाली का, मुलगी की मुलगा, ते लिही, हुलियानचा दमा, अंद्रेसची पाठ, काहीही लिही. कधी येतेस ते लिही. पण लवकर लिही.

एलादिओ